सोलापूर : श्रोत्यांचे गाव

मुंबईहून रात्री निघून सकाळी सोलापूर गाठणाऱ्या गाडीचे नाव सिद्धेश्वर आणि पुण्याहून येणाऱ्या गाडीचे नाव हुतात्मा. बाराव्या शतकातील एक शिवयोगी आणि विसाव्या शतकातील चार देशभक्त यांच्या नावांनी ज्या शहराचा प्रवाशाशी प्रथम परिचय होतो, त्या शहरातील वाङ्मय आणि कला यांचे सोहळे पाहावयाचे असतील, तर जानेवारीचा दुसरा आठवडा हाच सर्वांत योग्य काळ होय. त्या आठवड्यात चार हुतात्म्यांचा स्मृतिदिन येतो आणि त्याच्या पाठोपाठ ग्रामदैवत सिद्धेश्वराची यात्रा भरते. शेतांत शाळूचा हुरडा आलेला असतो, हवेत गारवा असतो, आणि एरवी उन्हाने भाजून निघणारे हे गाव रात्री उशिरापर्यंत मोकळ्या आकाशाखाली बसून ऐकावयास तयार असते.

मी दिवसाच्या गाडीने गेलो, ते दौंडच्या पुढचा मुलूख पाहावा म्हणून. भिगवण सोडल्यावर उजनी धरणाचे पाणी रुळांच्या जवळ येते, आणि ज्या भीमेच्या काठी पंढरपूर वसले आहे तिचे हे अडविलेले रूप, कडेला उतरलेल्या परदेशी पक्ष्यांसह, बराच वेळ सोबत करते. पुढे जेऊर नावाचे लहानसे स्थानक लागते. करमाळा तालुक्यातील याच जेऊरचे कवी आणि चित्रपट-दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ या चित्रपटांतून या मातीची बोली उभ्या महाराष्ट्राला ऐकविली, हे ध्यानी असले म्हणजे फलाटावरचे दोन माणसांचे साधे बोलणेही प्रवासी अधिक लक्षपूर्वक ऐकू लागतो. कुर्डुवाडी गेली की जमीन अधिक काळी, अधिक सपाट होते, डब्यातल्या मराठीत कानडी हेल मिसळतो, कोपऱ्यातून तेलुगू ऐकू येते, आणि सोलापूर जवळ आल्याचे खिडकीबाहेर न पाहताही कळते.

शहरातील किल्ल्याच्या परिसरात हुतात्मा स्मृती मंदिर हे नाट्यगृह आहे. सोलापुरात नाटक, गायन, व्याख्यान यांपैकी जे काही थोर म्हणून येते त्यातील बरेचसे येथेच होते, आणि प्रेक्षक आत शिरताना ज्यांचे नाव घेऊन शिरतो ती माणसे कोण होती हे बाहेरच्यांना सांगितले पाहिजे. १९३० साली, मिठाच्या सत्याग्रहाच्या काळात, सोलापुरातील जनक्षोभ असा उसळला की सरकारला मे महिन्यात लष्करी कायदा पुकारावा लागला. त्या प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा आणि एक मारवाडी अशी ही चार नावे नुसती वाचली तरी या शहराची घडण ध्यानात येते. त्यांतील कुर्बान हुसेन हे ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवीत, म्हणजे लेखणी हेच त्यांचे हत्यार होते. तेव्हा या वास्तूत पाऊल ठेवणाऱ्या लेखकाला आपण एका समव्यावसायिकाच्या स्मारकात उभे आहोत असे वाटले तर ते योग्यच आहे. याच सोलापूरचे कवी कुंजविहारी यांनी फाशी जाणारा तरुण आपल्या आईचे सांत्वन करीत आहे अशी कल्पना करून लिहिलेली ‘भेटेन नऊ महिन्यांनी’ ही कविता घरोघर पोहोचली, आणि चळवळीच्या दिवसांत कवितेने काय करावे याचा एक नमुना तिने घालून दिला.

परंतु सोलापुरातील सर्वांत जुने व्यासपीठ नाट्यगृहात नाही. ते तळ्याकाठी आहे. ज्यांना सिद्धेश्वर म्हणतात त्या सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात येथे, तेव्हाच्या सोन्नलगीत, लोकांना बरोबर घेऊन तलाव खोदला, अडुसष्ट लिंगे स्थापिली, आणि मग ते कर्नाटकातील कल्याणास जाऊन बसवण्णांच्या शरणमंडळात सामील झाले. ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ या मुद्रेने त्यांनी कानडीत वचने रचली. परंपरा त्यांची संख्या अडुसष्ट हजार सांगते, आणि आज हजाराहून अधिक उपलब्ध आहेत. ‘शून्यसंपादने’ या कानडी ग्रंथात अशी कथा आहे की, तलावाचे काम जोरात चालू असताना त्या मंडळातील अल्लमप्रभू तेथे आले आणि सिद्धरामांचा उल्लेख त्यांनी दगडमाती उपसणारा ओड्ड म्हणून केला. चिडलेल्या कामकऱ्यांनी त्यांच्यावर दगड फेकले. आणि मग त्या दोघांमध्ये लोककल्याणाचे कर्म श्रेष्ठ की अंतरीचा साक्षात्कार श्रेष्ठ यावर वाद झाला. तो वाद कामकऱ्यांच्या देखत झाला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. तत्त्वचर्चा विद्वानांच्या दालनातून काढून तलावाच्या बांधावर आणणाऱ्या या संवादाहून जुनी अशी साहित्यसभा सोलापूरच्या भूमीत दाखविता यावयाची नाही.

यात्रेच्या पहिल्या दिवशी बाळीवेशीतील हिरेहब्बू यांच्या वाड्यातून सात नंदीध्वज निघतात आणि अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक करीत शहरभर फिरतात. नंदीध्वज म्हणजे सुमारे तीस फूट उंचीचा, सजविलेला भारी कळक. तो कमरेच्या पट्ट्यावर तोलून चालणारा मनुष्य पांढऱ्या बाराबंदीत असतो, आणि एकाचा श्वास भरून येण्यापूर्वी दुसरा पुढे होऊन भार घेतो, तो इतक्या सहजपणे की ध्वजाचा शेंडा हललेला दिसत नाही. या ध्वजांचा मान निरनिराळ्या समाजांकडे वाटलेला आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी मंदिराजवळच्या संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. सिद्धरामांशी विवाह करण्याची इच्छा धरणाऱ्या कुंभारकन्येला त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह करण्यास अनुमती दिली, अशी जी कथा आहे तिचे हे दरसाल होणारे पुनर्दर्शन असून, नंदीध्वज हे त्या योगदंडाचे प्रतीक मानलेले आहे.

मी गर्दीत जेथे उभा होतो तेथून कट्टा दिसत नव्हता. दिसत होती ती झाडांवर, गच्च्यांवर, भिंतींवर चढलेली माणसे आणि तळ्याच्या बाजूने एकामागून एक येणारे ध्वजांचे शेंडे. विवाहाच्या संमतीचे वाचन सुरू झाले तेव्हा ध्वनिक्षेपकातून येणारे शब्द मला अर्धेमुर्धेच कळले, आणि माझ्या चेहऱ्यावर ते दिसले असावे, कारण शेजारचे बाराबंदीतील वृद्ध गृहस्थ म्हणाले, “पुण्याकडचे दिसायलाव तुम्ही. कळत नाही म्हणून काय झालं? टाकायची वेळ कळतीय की.” त्यांनी आपल्या मुठीतील अर्ध्या अक्षता माझ्या हातावर ठेविल्या. श्लोकाच्या ठरलेल्या शब्दाशी त्या अवाढव्य समुदायातील प्रत्येक हात एकाच क्षणी उठत होता, त्यात माझाही उठला. आणि ‘हर्र बोला हर्र’ या घोषाबरोबर डोक्यावर, खांद्यांवर, शेजाऱ्याच्या टोपीवर अक्षतांचा पाऊस पडला. वाचणारा एक आणि ऐकणारे लक्षावधी, परंतु पाठाची यती ऐकणाऱ्यांना वाचणाऱ्याइतकीच मुखोद्गत आहे, असे दृश्य मी अन्यत्र पाहिलेले नाही. मोठमोठ्या संमेलनांचे मांडव उभारणाऱ्यांनी एकदा येथे येऊन पाहावे, असे मला तळमळीने वाटते.

पुढे होम मैदानावर होमाचा विधी होतो, वासराच्या हालचालींवरून येत्या वर्षाच्या पावसापाण्याची भाकणूक सांगितली जाते, आणि शोभेचे दारूकाम पाहण्यास सारा जिल्हा लोटतो. गड्डा म्हणून ओळखली जाणारी ही जत्रा त्यानंतरही अनेक दिवस चालते. पाळणे, तंबू, शेंगाच्या पोळ्या आणि कडक भाकरी यांचे वर्णन येथे करीत नाही.

यात्रेच्या धामधुमीपासून थोडे दूर हिराचंद नेमचंद वाचनालयाचे पायऱ्यापायऱ्यांचे छोटे सभागृह आहे, तेथे एका सायंकाळी मी वचनसाहित्यावरील व्याख्यान ऐकले. वक्ते सेवानिवृत्त प्राध्यापक होते. ते मूळ कानडी वचन प्रथम म्हणत, मग मराठीत त्याचा अर्थ सांगत. माझ्यापुढच्या पायरीवर बसलेले एक गृहस्थ वचन सुरू होताच ओठांतल्या ओठांत ते वक्त्याबरोबर पुरे करीत होते, आणि अर्थ सुरू झाला की मांडीवरच्या वहीत मराठीत टिपून घेत होते. वहीची पाने यंत्रमागाच्या हिशेबाची होती. डाव्या बाजूस सुताचे भाव आणि उजव्या बाजूस अल्लमप्रभू. व्याख्यान संपल्यावर प्रश्न त्यांनीच विचारला, आणि तो असा होता की, कष्टाला पूजा मानणाऱ्या या संतांनी मजुरीच्या दराविषयी काही म्हटले आहे काय? प्राध्यापकांनी तो प्रश्न टाळला नाही. कायक या कल्पनेत स्वतःच्या श्रमाची गरजेपुरती मिळकत आणि तिच्यातून समाजाला द्यावयाचा दासोह ही दोन्ही अंगे कशी येतात, हे त्यांनी सविस्तर सांगितले, आणि सभागृहातील कोणीही घड्याळाकडे पाहिले नाही. असा प्रश्न विचारणारा श्रोता ज्या गावात आहे, त्या गावात वक्त्याला तयारी करूनच उभे राहावे लागते.

हा श्रोता काही एका दिवसात घडलेला नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात याच गावी शाहीर राम जोशी जन्मले. पुराण-कीर्तनाच्या ब्राह्मण घराण्यात वाढलेल्या या तरुणाने तमाशाच्या फडाचा ध्यास घेतला, त्यासाठी घर सोडण्याची पाळी त्याच्यावर आली, पंढरपुरास जाऊन त्याने संस्कृताचे अध्ययन केले, आणि अखेर लावणी आणि कीर्तन या दोन्ही मंचांवर त्याने सारखाच अधिकार गाजविला. बारामतीच्या मोरोपंतांशी त्यांचा स्नेह जडला आणि पंतांच्या आर्या कीर्तनातून लोकांपर्यंत नेण्याचे श्रेय राम जोशींना दिले जाते. पंडिताची कविता शाहिराच्या कंठातून जनसामान्यांकडे जावी, ही घटना मराठी वाङ्मयाच्या इतिहासात जितकी महत्त्वाची मानली जाते त्याहून अधिक महत्त्वाची आहे, असे माझे मत आहे. १९४७ साली त्यांच्या जीवनावर ‘लोकशाहीर रामजोशी’ हा चित्रपट निघाला तेव्हा सोलापूरचे हे नाव पुन्हा घरोघर झाले.

त्यानंतर गिरण्या आल्या. १८७७ साली येथे पहिली कापड गिरणी सुरू झाली, तिलाच पुढे जुनी गिरणी म्हणू लागले. मागोमाग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या, तेलंगणातून पद्मशाली विणकरांची कुटुंबे येऊन शहराच्या पूर्व भागात स्थायिक झाली, आणि भोंग्याच्या वेळेवर जगणारा एक मोठा वर्ग तयार झाला. पाळीवरून सुटलेल्या या माणसाला पोवाडा हवा होता, भजन हवे होते, नाटकही हवे होते. १९१६ साली बार्शीस जन्मलेले शाहीर अमर शेख गिरणीतले जिणे स्वतः जगून पुढे आले, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी मैदाने जागविली. आज त्या गिरण्या बंद आहेत. चादर आणि टॉवेल यांचा व्यवसाय यंत्रमागांवर चालतो. परंतु गिरणगावाने लावलेली ऐकण्याची गोडी गिरण्यांबरोबर संपली नाही, हे मी वर सांगितलेल्या वहीवरून वाचकांच्या लक्षात आले असेल.

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सोलापुरात दोन वेळा भरले. पहिले १९४१ साली, वि. स. खांडेकरांच्या अध्यक्षतेखाली. महायुद्ध पेटलेले, देशात वैयक्तिक सत्याग्रह चालू, लष्करी कायद्याला जेमतेम अकरा वर्षे लोटलेली, अशा वेळी जीवनासाठी कला हा पक्ष हिरिरीने मांडणाऱ्या कादंबरीकाराचे या गिरणगावी अध्यक्ष म्हणून येणे अत्यंत समर्पक होते. दुसरे, म्हणजे एकूण ७९ वे, २००६ साली झाले, आणि त्याच्या अध्यक्षपदी होते मारुती चितमपल्ली. त्यांच्याविषयी थोडे अधिक लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. चितमपल्ली यांचा जन्म १९३२ साली सोलापुरातच झाला. कोइमतूरच्या वनमहाविद्यालयातून ते वनखात्यात शिरले आणि छत्तीस वर्षांची नोकरी त्यांनी नवेगावबांधासारख्या अरण्यांत, तळ्यांत, आदिवासींच्या सहवासात काढली. ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘रानवाटा’, ‘चकवाचांदणं’, ‘पक्षिकोश’ अशी त्यांची ग्रंथसंपदा आहे, आणि पक्ष्यांच्या, वृक्षांच्या, रानातल्या व्यवहारांच्या कितीतरी संज्ञा त्यांनी लोकबोलीतून वेचून वा नव्याने घडवून मराठीला दिल्या. खात्याचा अधिकारी दौऱ्याच्या रोजनाम्यात ज्या गोष्टी एका ओळीत नोंदवितो, त्या गोष्टींपाशी हा मनुष्य रात्रभर बसला, आणि म्हणून त्याच्या गद्यात जंगल केवळ पार्श्वभूमी म्हणून येत नाही. अवर्षणाच्या छायेत वसलेल्या, झाडांची वानवा असलेल्या आपल्या जन्मगावी अरण्याचा हा अभ्यासक मराठी सारस्वताचा अध्यक्ष म्हणून उभा राहिला, हा योग विलक्षण होता. उतारवयात ते सोलापूरलाच परतले. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जून रोजी येथेच त्यांचे निधन झाले. शहरापासून जवळच नान्नजचे माळढोक अभयारण्य आहे. संमेलनांचे इतिहास वाचणाऱ्याने एक सकाळ त्या माळावरही काढावी.

२०१५ साली कांचन सोनटक्के यांच्या अध्यक्षतेखाली पहिले अखिल भारतीय मराठी बालनाट्य संमेलन भरविण्याचा मानही सोलापूरचाच. त्यामागे या शहराची नाट्यपरंपरा आहे, आणि तिचा विचार करताना एका घराचे नाव सर्वप्रथम घेतले पाहिजे. प्रा. श्रीराम पुजारी हे संगीत आणि नाट्य यांचे थोर रसिक. कुमार गंधर्व, पु. ल. देशपांडे यांच्यासारखी माणसे सोलापुरास आली म्हणजे त्यांच्या घरी उतरत. हरिभाई देवकरण प्रशालेत शिकणारा एक मुलगा त्याच घरात राहत होता, ती माणसे जवळून पाहत होता, त्यांच्या रात्री रंगणाऱ्या गप्पा ऐकत होता. तोच पुढे ‘घाशीराम कोतवाल’चे दिग्दर्शन करणारा डॉ. जब्बार पटेल. याच शाळेत शिकलेले अतुल कुलकर्णी येथील हौशी रंगभूमीवरून वर आले, आणि ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकातील झरीनेच्या भूमिकेने ज्यांचे नाव झाले त्या फैय्याज सोलापूरच्याच. एखाद्या गृहस्थाच्या माजघरात झालेले संस्कार पुढे साऱ्या महाराष्ट्राच्या रंगभूमीला कसे उपकारक ठरतात, याचा असा ठळक दाखला मला दुसरा ठाऊक नाही. अलीकडे प्रिसिजन फाउंडेशन दिवाळीच्या सुमारास मुलाखती-गप्पांचा आणि त्याखेरीज शास्त्रीय संगीताचा महोत्सव भरविते. घरगुती रसिकतेने जे कार्य केले ते आता उद्योगसंस्थेने उचलले आहे, ही समाधानाची गोष्ट आहे.

मी हुतात्मा स्मृती मंदिरात एका रात्री गायन ऐकले. मागील रांगांत महाविद्यालयीन मुले होती, पुढे टोप्या घातलेले वृद्ध, आणि मध्ये सहकुटुंब आलेली माणसे. विलंबित ख्यालाच्या प्रारंभी, जेव्हा गायक अद्याप स्वर चाचपून पाहत असतो आणि टाळी मिळावी असे काहीच घडत नाही, तेव्हा पुष्कळ शहरांतील प्रेक्षागृहांत चुळबुळ सुरू होते; येथे ती झाली नाही. समेवर माना एकदम हलल्या, आणि त्या हलणाऱ्यांत मागच्या रांगाही होत्या.

एक उणीव मात्र स्पष्टपणे सांगावयास हवी. अक्षता सोहळ्यात जे चार भाषांचे सोलापूर एका आवाजात बोलते, ते सभागृहात आले की वेगवेगळे होते: मराठी व्याख्यानाला मराठी श्रोता, पूर्व भागातील तेलुगू कार्यक्रमाला तेलुगू श्रोता, मुशायऱ्याला उर्दू जाणणारा, वचनगायनाला कानडी. त्र्यं. वि. सरदेशमुखांसारखा अक्कलकोटात जन्मलेला, सोलापुरात राहिलेला आणि ‘डांगोरा एका नगरीचा’ या कादंबरीसाठी २००३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळविणारा लेखक पूर्व भागातील विणकराच्या मुलाला त्याच्या घरच्या भाषेत ऐकावयास मिळाला पाहिजे, आणि त्या विणकराच्या माग-गीतांना हुतात्मा मंदिराचा पडदा उघडला पाहिजे. यासाठी नवी संस्था नको, नवे अनुदान नको. यात्रेच्याच आठवड्यात, होम मैदानाच्या एका कडेला, चारही भाषांतील कवींना आणि गायकांना एका रात्री एका मंचावर बसवावे, आणि प्रत्येकाच्या आधी दुसऱ्या भाषेतील माणसाने उठून त्याचा परिचय करून द्यावा. वाचनालयाच्या पायरीवर हिशेबाच्या वहीत अल्लमप्रभू उतरवून घेणाऱ्या त्या गृहस्थांना मी ही कल्पना सांगितली, तेव्हा त्यांनी प्रथम विचारले ते एवढेच की, तेलुगूकडून कोणाला बोलवायचे. आणि उत्तराची वाट न पाहता दोन नावे त्यांनी स्वतःच सांगितली.